बावन्न गुंठ्यांचं छप्पर

चॅट्सवर्थच्या वाड्याचं नुसतं छप्परच एक एकर बारा गुंठ्यांचं आहे. आमच्या रावेरकडे एवढ्या रानात केळीची दोन हजारांवर खोडं सहज बसतात. इथे त्या जागेवर शिशाचे पत्रे आहेत. ते गळायला लागले की मालकाची झोप उडते, आणि गेली सव्वातीनशे वर्षं ती कुणा ना कुणा मालकाची उडत आली आहे.

इंग्लंडच्या मधोमध डर्बीशायर, त्यात डरवेंट नदी, काठाने कुरणं, कुरणांत मेंढ्या आणि मागे झाडीचा डोंगर. या सगळ्याच्या पुढ्यात हा पिवळसर दगडाचा वाडा उभा आहे. मालक डेव्हनशायरचे ड्यूक, आडनाव कॅव्हेंडिश. डेव्हनशायर राहिलं दूर दक्षिणेला. पदवी एकीकडची आणि वतन दुसरीकडचं, असा हा कारभार.

शेफिल्डच्या आसपास राहणाऱ्या आम्हां मराठी मंडळींकडे भारतातून पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या ठिकाणांत चॅट्सवर्थचा नंबर पहिला. मीही १९८०च्या दशकापासून पाहुणे घेऊन तिथे जाते आहे. आमच्यातली जुनी माणसं एकत्र जमली की एक वाक्य हटकून येतं, "आता पूर्वीचं चॅट्सवर्थ राहिलं नाही." पूर्वी एवढी गर्दी नव्हती. दगड काजळीने काळवंडलेला होता, पण त्याला एक भारदस्तपणा होता. आता तिकीट आधी ऑनलाइन काढा, गाडी लावायचे पैसे वेगळे मोजा, नाताळच्या बाजाराला रांगेत उभे राहा. तक्रार खोटी नाही. पण या घराचा इतिहास वाचत गेलं की लक्षात येतं, ही तक्रार इथे प्रत्येक पिढीने केलेली असणार, आणि प्रत्येकीचं 'पूर्वी' निराळं होतं. हे घर जपून टिकलेलं नाहीच. पाडत, हलवत, विकत, गहाण टाकत टिकलं आहे.

सुरुवात एका बाईपासून. हार्डविकची बेस. चार लग्नं केली आणि चार वेळा विधवा झाली. दुसरा नवरा विल्यम कॅव्हेंडिश. त्याच्याकरवी तिने १५४९मध्ये आपल्या माहेरच्या मुलखातली ही जागा घ्यायला लावली आणि १५५२मध्ये बांधकाम काढलं. चौथा नवरा श्रूजबरीचा अर्ल. स्कॉटलंडची राणी मेरी ही इंग्लंडच्या एलिझाबेथ राणीच्या कैदेत असताना तिच्यावर नजर ठेवायचं काम त्याच्याकडे होतं, त्यामुळे मेरीचेही दिवस अधूनमधून याच घरात गेले. सोळाव्या शतकातल्या बाईने एवढी इस्टेट स्वतःच्या अकलेवर उभी करावी, हे आजही सोपं वाटत नाही. पण बेसचा तो वाडा बघायला जाल तर सापडणार नाही. बाहेरून त्याचा मागमूस नाही. मागच्या डोंगरावर शिकार बघण्यासाठी बांधलेला मनोरा तेवढा तिच्या काळातला उभा आहे.

वाडा पाडला तिच्याच खापरपणतूने. हा डेव्हनशायरचा चौथा अर्ल. १६८८मध्ये ऑरेंजच्या विल्यमला इंग्लंडच्या गादीवर आणायच्या कटात सामील झाला, त्याचं बक्षीस म्हणून १६९४मध्ये ड्यूक झाला. आधी फक्त दक्षिणेची बाजू नवी करायची म्हणून काम काढलं. ती आवडली म्हणून पूर्वेची. मग पश्चिमेची, मग उत्तरेची. घराला हात घातलेल्या कुणालाही ही तऱ्हा नवी नाही. वीस वर्षांनी, १७०७मध्ये, काम संपलं आणि त्याच वर्षी ड्यूकही संपला. आत लागेर आणि व्हेरियो या चित्रकारांनी भिंती नि छतं देवदेवतांनी भरून टाकली. त्यांतल्या एका दालनाच्या छतावर माणसाच्या आयुष्याचा धागा कात्रीने तोडणारी एक देवी आहे. तिला व्हेरियोने वाड्यातल्या हाउसकीपरबाईंचा चेहरा दिला, कारण त्या दोघांचं पटत नव्हतं, असं इथे सांगतात. बाईंचं नाव मिसेस हॅकेट. त्यांच्या हाताखालच्या मुलींनी तो चेहरा पहिल्यांदा ओळखला असेल तेव्हा पदर तोंडाला लावून, म्हणजे ॲप्रन लावून, किती हसल्या असतील!

पहिल्या ड्यूकने डोंगरउतारावर पाण्याचा जिना करून घेतला. चोवीस दगडी टप्पे, आणि टप्प्यांची मापं जाणूनबुजून कमी-जास्त, म्हणजे पाणी उतरताना एकसुरी वाजू नये. आमची मुलं लहानपणी चपला हातात घेऊन त्यात उतरायची. वरच्या टप्प्यावर एक खळखळ, खालच्यावर वेगळी. अलीकडे मात्र गळती एवढी वाढली की जिना दुरुस्तीला काढायची वेळ आली.

या ड्यूकची आखीव फ्रेंच बाग चौथ्या ड्यूकला नको झाली. १७६०च्या सुमारास त्याने बागा आखणाऱ्या केपेबिलिटी ब्राउनला बोलावलं. ब्राउनने ताटवे उखडले, गवत पेरलं, झाडांचे पुंजके लावले. आज ज्याला सगळे 'जुनी नैसर्गिक इंग्लिश शोभा' म्हणतात ती ब्राउनच्या मजुरांनी फावड्याने केलेली आहे. एन्झर नावाचं गाव वाड्याच्या खिडक्यांतून दिसायचं, तेही नको झालं. निम्मं गाव तेव्हा हललं, उरलेलं पुढे १८३८ ते १८४२मध्ये. नवं गाव टेकाडाआड वसवलं, आणि तिथलं एक घर दुसऱ्यासारखं नाही. एकाला स्विस छज्जा, एकाला इटालियन मनोरा, एकाला किल्ल्याची भिंत. पोस्टकार्डावर फार गोड दिसतं. जुन्या गावातलं एकच घर रस्त्याच्या अलीकडे कुंपणासकट एकटंच उरलं आहे. आपल्या अंगणातली चूल दुसरीकडे मांडावी लागली तेव्हा गावकऱ्यांना काय वाटलं, याचं स्मरणरंजन कुणी लिहून ठेवलेलं नाही. स्मरणरंजनाला फुरसत लागते आणि ती वाड्यातल्यांकडेच होती.

मला विचाराल तर या घराचा सोन्याचा काळ म्हणजे सहावा ड्यूक आणि त्याचा माळी. सहावा ड्यूक १८११मध्ये, एकविसाव्या वर्षी गादीवर आला. लग्न केलं नाही. कानाने कमी ऐकू यायचं, हात सढळ, आणि नाद दोन: पुस्तकं आणि पुतळे. तिसरा नाद लागला जोसेफ पॅक्स्टनच्या संगतीने. पॅक्स्टन शेतकऱ्याचा मुलगा, तेविशीही पुरी न झालेला, लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत कामाला होता. ड्यूकने त्याला थेट मुख्य माळी केलं आणि स्वतः झारच्या राज्याभिषेकासाठी रशियाला निघून गेला. ९ मे १८२६. पॅक्स्टन पहाटे साडेचारला पोचला, फाटक बंद म्हणून चढून आत उतरला, सगळी बाग पायांखाली घातली, सहा वाजता माणसं कामाला लावली, कारंजी चालवून बघितली आणि मग हाउसकीपरकडे न्याहारीला गेला. तिथे तिची भाची साराह बसली होती. नऊच्या आत दोघांचं प्रेम जमलं, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे. पुढच्या वर्षी लग्न. पॅक्स्टन बाहेर इमारती, रेल्वे, पार्लमेंट असा उंडारत असताना चॅट्सवर्थचा हिशेब आणि मजूर साराहने सांभाळले. तिचा पुतळा कुठे नाही.

आता केळ्याची गोष्ट, म्हणजे माझ्या माहेरची. मॉरिशसमार्गे इंग्लंडात आलेलं एक बुटकं केळ पॅक्स्टनने १८३०च्या सुमारास मिळवलं. काचेच्या घरात ऊब दिली, पाणी दिलं, शेणखत दिलं आणि वाट बघितली. नोव्हेंबर १८३५मध्ये ते निसवलं. बाहेर डर्बीशायरचं हिवाळी धुकं आणि आत केळफूल! पुढच्या वर्षी प्रदर्शनात त्याला पदक मिळालं आणि मालकाच्या आडनावावरून जातीला नाव पडलं कॅव्हेंडिश. तिथली रोपं जॉन विल्यम्स या मिशनऱ्याबरोबर सामोआ बेटांवर गेली नि पॅसिफिकभर पसरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगाच्या बाजारात ग्रो मिशेल नावाच्या केळ्याचं राज्य होतं. मर रोगाने ते बसवलं आणि त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आज परदेशी बाजारात जाणारं केळं बहुतेक याच गटातलं असतं. जळगाव जिल्ह्यातली जुनी बसराई याच गटातली आणि आता सगळीकडे दिसणारी ग्रँड नैनही याच गटातली. आमच्याकडच्या केळी चॅट्सवर्थहून आल्या असं नाही. पण रावेर-सावद्याच्या स्टेशनांवरून उत्तरेकडे केळ्याच्या वॅगनी भरणाऱ्या कुणाला तरी ठाऊक होतं का, की आपल्या मालाच्या वंशावर एका बिनलग्नाच्या इंग्लिश ड्यूकचं आडनाव आहे? आता मर रोगाचा नवा अवतार कॅव्हेंडिशच्याही मुळावर उठला आहे. बिहार-उत्तर प्रदेशात तो पोचल्यापासून खानदेशातल्या बागायतदारांच्या जिवाला घोर आहे.

माझे वडील, नाना, इथे आले होते तेव्हा त्यांना मी हे केळ मुद्दाम दाखवायला नेलं. १९७०मध्ये बांधलेल्या नव्या काचघरात आजही ते लावतात. वाड्यातली चित्रं नाना शिष्टाचार म्हणून बघत होते, हात मागे बांधून. काचघरात शिरल्यावर हात सुटले. त्यांनी खोडाला बोटांनी दाबून पाहिलं, पान उलटं करून करपा आहे का बघितलं, वाकून बुडाशी फुटलेल्या पिलांवर नजर टाकली आणि म्हणाले, "घड बरा आहे. पण यांच्याकडे पील काढायला माणूस नाही का?" तिथे काम करणाऱ्या माळ्याने ते काय म्हणताहेत हे मला विचारलं. मी सांगितलं. मग बराच वेळ मी दुभाषी आणि ते दोघे पिलांचा हिशेब करत उभे. एक पील ठेवायचं की दोन यावर त्यांचं एकमत झालं नाही. घरी आल्यावर आईने वाडा कसा होता विचारलं तर नाना म्हणाले, "ऊब चांगली ठेवलीय."

ती ऊब पूर्वी केवढी होती! १८३६ ते १८४०च्या दरम्यान पॅक्स्टनने जे महाकाचघर उभं केलं ते २७७ फूट लांब आणि १२३ फूट रुंद होतं. जमिनीखाली आठ बॉयलर, सात मैल लांबीचे नळ, आणि कोळसा भुयारातून रुळांवर यायचा, म्हणजे धूर नि धूळ पाहुण्यांच्या नजरेला पडू नये. आत ताडमाड, केळी, कमळांची तळी, आणि मधून घोडागाडी जाईल एवढा रस्ता. डिसेंबर १८४३मध्ये व्हिक्टोरिया राणी आली, तेव्हा आत बारा हजार दिवे लावले आणि राणीची गाडी त्यातून फिरवली. पाहुण्यांत वेलिंग्टनचा ड्यूकही होता. हा तोच, ज्याने १८०३मध्ये जालन्याजवळच्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठून तो बागेत गेला तर दिवे, वाती, सांडलेलं तेल, तुडवलेलं गवत, कशाचाही पत्ता नाही. पॅक्स्टनने रातोरात सगळं साफ करून घेतलं होतं. असा माणूस आपल्या हाताखाली सेनापती हवा होता, असं वेलिंग्टन बोलून गेला म्हणतात. साफ करणारे शेकडो हात रात्रभर जागले, त्यांचं तो काही बोलल्याची नोंद नाही.

त्याच वर्षी ठरलं की रशियाचा झार निकोलस येणार. त्याच्या स्वागताला जगात नाही असं कारंजं पाहिजे. डोंगरावर आठ एकरांचं तळं खणलं, रात्री मशालींच्या उजेडातही काम चाललं, सहा महिन्यांत नळ टाकून कारंजं उडवलं. पंप नाही, काही नाही. तळं वाड्यापेक्षा साडेतीनशे फूट उंच, तेवढ्या उतारावर पाणी २९६ फूट चढलं. १८४४मध्ये झार इंग्लंडात आला, लंडनहूनच परत गेला. कारंजं बिचारं अजून त्याच्या नावाने उडतं. त्याच डोंगरावरच्या तळ्यांच्या पाण्यावर आठव्या ड्यूकने १८९३मध्ये टर्बाइन बसवून वाड्यात वीज आणली. ती १९३६पर्यंत चालली, मग बाहेरून वीज घेणं सोयीचं झालं म्हणून बंद पडली आणि १९८८मध्ये नवं टर्बाइन बसवून पुन्हा सुरू केली. 'पूर्वीचं ते चांगलं' हे इथे नेमकं एकदा कामाला आलेलं दिसतं, तेही विजेच्या बिलामुळे.

हौसेला माणसंही लागली. जॉन गिब्सन नावाच्या माळ्याला १८३५मध्ये कलकत्त्याला धाडलं. तो खासी टेकड्यांत, चेरापुंजीकडे फिरला आणि ऑर्किडच्या पेट्या भरभरून परतला. पुढे अमेरिकेला पाठवलेले दोन तरुण माळी मात्र कोलंबिया नदीत बुडून मेले. पैसा कुठून आला, हेही सांगायला हवं. शिशाच्या आणि एक्टनच्या तांब्याच्या खाणी, कोळसा, आयर्लंडमधल्या कुळांचा खंड. तरीही सहावा ड्यूक गेला तेव्हा इस्टेटीवर कर्जाचा डोंगर होता.

एक गोष्ट मात्र या ड्यूकच्या नावावर जमा करावीच लागेल. १८४९मध्ये रेल्वे जवळच्या राउस्लीपर्यंत आली आणि त्या उन्हाळ्यात ऐंशी हजार माणसं वाडा बघायला आली. गिरण्यांतली, खाणींतली, शेफिल्डच्या भट्ट्यांतली. हाउसकीपर किल्ल्यांचा जुडगा घेऊन दालनं दाखवी, आणि कारंजी प्रत्येकासाठी, कोणीही असो, चालवायची असा ड्यूकचा हुकूम होता. तेव्हा येणारा माणूस पाहुणा होता, मालकाच्या मेहेरबानीने आत आलेला. आजचा माणूस गिऱ्हाईक आहे. तिकिटाच्या पैशांत घरचा आठवड्याचा भाजीपाला येईल. पण पैसे मोजल्यावर तो पोर्ट्रेटसमोर उभा राहून "याचं नाक बघ" असं मोठ्याने म्हणू शकतो. मला गिऱ्हाईक असणं अधिक बरं वाटतं.

महाकाचघराचं काय झालं? पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, बॉयलर थंडावले, झाडं गारठून मेली. पुन्हा उभं करायचं तर खर्च झेपणारा नव्हता. १९२०मध्ये ते सुरुंग लावून पाडलं. काम सोपं गेलं नाही, काही केल्या ते पडेना, पुन्हा पुन्हा सुरुंग लावावे लागले. आणि हे काम अंगावर घेतलेला इंजिनियर चार्ल्स मार्कम हा पॅक्स्टनचा सख्खा नातू, मुलीचा मुलगा. आजोबांची बांधणी किती पक्की होती याची एवढी नेमकी परीक्षा दुसऱ्या कुणाला घेता आली नसती. जुने फोटो पाहिले की अजून पोटात कालवतं. त्या जागी आता दगडी पाया आहे आणि १९६२मध्ये लावलेला झुडपांचा भुलभुलैया. आमची मुलं त्यात तासन्‌तास हरवायची. आता ती मोठी होऊन "आमच्या लहानपणी भुलभुलैयाच्या भिंती किती उंच होत्या" म्हणतात. त्यांचं 'पूर्वी' इथून सुरू होतं.

दुसऱ्या महायुद्धात दहाव्या ड्यूकने शहाणपणा केला. सरकार सैनिक आणून बसवायच्या आत वेल्समधल्या मुलींच्या पेनरोस शाळेला घर देऊन टाकलं. जवळपास तीनशे मुली, सप्टेंबर १९३९ ते १९४६. राजेशाही दालनांतून लोखंडी खाटांच्या रांगा, वर छतावर देवदेवता, आणि खाली थंडीने कुडकुडणाऱ्या मुली. शत्रूच्या बाँबपेक्षा कुठलंही घर पोरासोरांना अधिक भितं, पण या वाड्याचं फारसं काही बिघडलं नाही. युद्धाने घेतलं ते वेगळंच. ड्यूकचा थोरला मुलगा विल्यम सप्टेंबर १९४४मध्ये बेल्जियममध्ये मारला गेला. त्याची बायको कॅथलीन ही अमेरिकेच्या केनेडींची बहीण. ती १९४८मध्ये विमान अपघातात गेली. एन्झरच्या दफनभूमीत तिची साधी कबर आहे. जून १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी तिथे येऊन गेले.

मग आला २६ नोव्हेंबर १९५०. दहाव्या ड्यूकने इस्टेट धाकट्या मुलाच्या, अँड्र्यूच्या नावे १९४६मध्ये केली होती. त्यानंतर पाच वर्षं जगला असता तर वारसा कर माफ होता. लाकडं फोडताना त्याचं हृदय बंद पडलं. मुदत भरायला काही आठवडे कमी पडले आणि कर बसला ऐंशी टक्के. त्या काळी इंग्लंडात असे वाडे भराभर पडत होते. १९५५च्या सुमारास दर पाचेक दिवसांना एक, असा हिशेब सांगतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने १९७४मध्ये पाडलेल्या वाड्यांचं प्रदर्शनच भरवलं. नव्या ड्यूकने मात्र विकायचं ते विकून टाकलं. हजारो एकर जमीन गेली. होल्बाइनने काढलेलं आठव्या हेन्रीचं भव्य रेखाटन गेलं, क्लोदच्या चित्रांची वही गेली, हजार वर्षांपूर्वीची हस्तलिखित प्रार्थनापोथी गेली. आणि बेसने बांधलेला दुसरा वाडा, हार्डविक हॉल, तोही करापोटी देऊन टाकला. तो १९५९पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे. कराचा निकाल लागला तेव्हा १९६७ उजाडलं होतं.

घर पुन्हा राहतं केलं ते अँड्र्यूच्या बायकोने. डेबोरा, मिटफर्ड बहिणींतली सगळ्यांत धाकटी. युद्धानंतर वाडा धूळ खात पडला होता. झाडायला स्थानिक बायका मिळेनात, तेव्हा हंगेरीहून आलेल्या दोन बहिणींनी पूर्व युरोपातल्या निर्वासित बायका गोळा केल्या आणि दालनं एकेक करून उघडली. १९४९मध्ये लोकांना पुन्हा प्रवेश मिळाला आणि १९५९मध्ये ड्यूक-डचेस स्वतः राहायला आले. डेबोराला कोंबड्यांचं वेड, एल्व्हिस प्रेस्लीचं वेड, आणि धंद्याची नजर पक्की. १९७३मध्ये शहरी मुलांना गाईचं दूध कसं काढतात हे दाखवायला गोठा उघडला, १९७७मध्ये इस्टेटीवरचं मटण नि बीफ विकायला दुकान काढलं. मोठ्या घरच्या बाईने दुकान मांडलं म्हणून नाकं मुरडली गेली असतीलच. आज इंग्लंडातल्या गावोगावी फार्म शॉप दिसतात, त्यांतल्या पहिल्या काहींत हे एक. १९८१मध्ये घर विश्वस्त संस्थेकडे दिलं. निधी उभा करायला पूसाँचं एक चित्र विकलं. तेव्हापासून कॅव्हेंडिश मंडळी आपल्याच वाड्यात भाडं भरून राहतात.

मी पहिल्यांदा पाहिला तो काळा वाडा आता नाही. दहा वर्षं पराती बांधून, तीन कोटींहून अधिक पौंड ओतून दगडावरची काजळी काढली, झिजलेले दगड बदलले, शिशाचे पत्रे नव्याने ओतले, आणि खिडक्यांच्या चौकटींना पूर्वीसारखा सोन्याचा वर्ख चढवला. २०१८मध्ये पराती उतरल्या. दुपारच्या उन्हात त्या खिडक्या नदीपलीकडून चमकतात. मला प्रथमदर्शनी जरा भडकच वाटलं, लग्नातल्या नव्या दागिन्यांसारखं. पण पहिल्या ड्यूकच्या वेळी ते तसंच भडक होतं. काजळी ही शेफिल्ड-मँचेस्टरच्या धुरांड्यांची देणगी. मला आवडायचा तो भारदस्तपणा म्हणजे दीडशे वर्षांची घाण होती, हे कळूनही मला तो आवडायचाच.

आत काही गोष्टी तशाच आहेत. एका दालनात अर्धवट उघडं दार आहे, त्यामागच्या दुसऱ्या दारावर खुंटीला व्हायोलिन अडकवलेलं दिसतं. जवळ गेलं की कळतं, व्हायोलिन नाही, रंग आहे. यान व्हान डर व्हार्टने ते १७२३च्या सुमारास रंगवलं, लंडनच्या डेव्हनशायर हाउससाठी. ते हाउस १९२४मध्ये पाडलं गेलं. दार त्याआधीच इथे आणलं होतं म्हणून वाचलं. दोऱ्यांची सावली, गजाची सावली, तारांवरचा उजेड, सगळं चोख. पाहुण्यांना मी ते काही न सांगता दाखवते. त्याच घरात २०१४पासून एका लांब दालनाच्या भिंतींवर मातीच्या हजारो तुकड्यांची रचना आहे. ड्यूकच्या कुटुंबाचा डीएनए याकोब व्हान डर ब्यूगेलने तिथे मांडला आहे. पूर्वीचे ड्यूक पूर्वजांची तैलचित्रं लावत. ही तऱ्हा निदान खुशामत करत नाही.

हल्ली मात्र तरुण मंडळी यातलं काही विचारत नाहीत. २००५च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' सिनेमात हा वाडा मिस्टर डार्सीचं पेंबर्ली झाला. जेन ऑस्टिनच्या कादंबरीत चॅट्सवर्थचं नाव निराळं येतं, म्हणजे पेंबर्ली हे नव्हेच. पण ऐकतो कोण. सहाव्या ड्यूकने इटलीहून हौसेने आणलेला कानोव्हाचा झोपलेला एंडिमियन, नेपोलियनच्या आईचा बसलेला पुतळा, यांना वळसा घालून पोरी विचारतात, डार्सी कुठाय? सिनेमासाठी घडवलेला नटाचा अर्धपुतळा चित्रीकरण संपल्यावर इथेच राहिला आहे. माझी भाची पुण्याहून आली होती, तिने त्याच्या गालाला गाल लावल्यासारखा फोटो काढून घेतला आणि तो घरी सगळ्यांना पाठवला. खाली लिहिलं होतं, 'चॅट्सवर्थचा मूळ मालक.'